सूत आपलं, गोदाम दुसऱ्याचं

२०२३ च्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी आम्ही सगळे सिद्धेश्वर मंदिराकडं निघालो होतो. रस्ता नुसता पांढऱ्या बाराबंदीनं भरलेला, मधेच हर्र हर्रचा गजर, आणि माझा भाचा चालता चालता मागं राहिला. वळून बघितलं तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मोबाईलवर बोट ओढत होता, स्क्रीन खाली ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. जवळ गेले तर म्हणाला, मावशी, पैसे निघंनात. मी म्हणलं एटीएमला गर्दी असंल, उद्या काढ. तो म्हणाला, एटीएम नाही गं, एक्स्चेंज. विथड्रॉवल तात्पुरते बंद आहेत असं दाखवतंय कालपासून.

'तात्पुरते' हा शब्द मी त्या दिवशी तसाच ऐकून घेतला. पुढं अक्षता पडल्या, आम्ही घरी आलो, जेवलो. त्यानं काही खाल्लं नाही.

त्या एक्स्चेंजचं, म्हणजे बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी घ्यायच्या-विकायच्या अ‍ॅपचं, नाव इथं लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलांनी लिहू नका म्हणून सांगितलंय. फार मोठं नाव नव्हतं. आमचे त्यात अडकले ते असे: भाच्याचे ३ लाख १० हजार, अक्काचे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, त्याच्या आईचे, १ लाख ४० हजार, आणि माझे ६५ हजार. अक्काच्या पैशात तिच्या भिशीचे होते आणि दोन वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले होते. माझे दिवाळीच्या बोनसचे.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. गेली दोन-अडीच वर्षं मी ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच आलं, कशाला जायचं त्या जुगारात, हाव नडली. नातेवाईक बोलले, कारखान्यातले बोलले, एका ओळखीच्या सीएनं पण हेच ऐकवलं. मला हे मान्य नाही आणि का मान्य नाही ते नीट सांगायचंय. भाव पडून आमचे पैसे गेले असते तर मी एक शब्द बोलले नसते. २०२१ च्या नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता आणि वर्षभरात १६-१७ हजारावर आला, त्यात आमचे पण निम्म्याच्या खाली आले होते, आणि आम्ही गप बसून होतो, कारण ती जोखीम आम्ही घेतली होती, भाचा मला समजावूनच हे करत होता. पण बाजारात बुडणं वेगळं आणि दुसऱ्याकडं ठेवायला दिलेलं गायब होणं वेगळं. पहिल्यात चूक माझी असू शकते. दुसऱ्यात माझी वस्तू कुणीतरी उचललेली असते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते, एकोणीस वर्षं झाली. क्रिप्टोतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं पण हा फरक मला झोपेत विचारला तरी कळतो, कारण माझं अर्धं काम त्याच्यावरच चालतं.

आमच्याकडं असं असतं की सूतवाला व्यापारी कारखानदाराला सुताच्या बॅगा पाठवतो, सोबत चलन, म्हणजे मालाचा कागद, येतं, चलनावर लिहिलेलं असतं की हा माल जॉब वर्कसाठी आहे, विक्रीसाठी नाही. कारखानदार टॉवेल विणून देतो, मजुरी घेतो, ठरलेली घट धरतो, झालं. ते सूत महिनाभर आमच्या गोदामात पडलेलं असलं तरी आमचं नसतं. माझ्या स्टॉक रजिस्टरला त्याचं पान वेगळं असतं, पार्टीचं नाव वर लाल पेननं, आणि गोदामात त्या बॅगांची थप्पी पण वेगळी, वर खडूनं पार्टीची खूण. मालकांना पगाराला पैसे कमी पडले, लाइटबिल थकलं, काही झालं तरी त्या थप्पीला हात लावायचा नाही. कुणी लावला, म्हणजे दुसऱ्याचं सूत बाजारात विकून आपली गरज भागवली, तर त्याला आमच्या लाइनमध्ये एकच शब्द आहे, अफरातफर. मग तो माणूस किती का सांगंना की पुढच्या महिन्यात भरून ठेवणार होतो.

एक्स्चेंज म्हणजे हेच गोदाम आहे हे मला नंतर समजलं, भाच्याबरोबर रात्र रात्र बसून. आपण अ‍ॅपवर पैसे भरतो, बिटकॉइन घेतो, स्क्रीनवर आकडा येतो ०.०१ का किती ते, आणि आपल्याला वाटतं आपण घेतलं. पण खरं म्हणजे त्या वेळी ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक वहीत, काहीच हललेलं नसतं. एक्स्चेंजनं त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या वहीत आपल्या नावापुढं एक आकडा लिहिला, एवढंच. नाणी सगळ्यांची मिळून एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल तिजोरीत, असतात, त्याच्या चाव्या, म्हणजे गुप्त कोड, त्यांच्याकडं. म्हणजे रजिस्टर पण त्यांचं, गोदाम पण त्यांचं, कुलूप पण त्यांचं. आपल्याला दिसतं ते फक्त रजिस्टरचं पान. आत बॅगा आहेत का नाहीत हे कळायचा एकच क्षण असतो, आपण माल परत मागतो तो.

आणि सगळे एकदम मागायला आले की काय होतं ते एफटीएक्समध्ये सगळ्या जगानं बघितलं. ती गोष्ट मी इतक्यांदा वाचलीय की मला तारखा पाठ झाल्यात. सॅम बँकमन-फ्राइड म्हणून तिशीतला मुलगा, बहामात ऑफिस, जगातल्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये नाव. त्याचीच दुसरी कंपनी होती अलामेडा रिसर्च, ती ट्रेडिंग करायची. २ नोव्हेंबर २०२२ ला कॉइनडेस्क या क्रिप्टोच्या बातम्या देणाऱ्या वेबसाइटनं बातमी दिली की अलामेडाच्या ताळेबंदात जी मालमत्ता दाखवलीय त्यातला मोठा भाग म्हणजे एफटीटी, म्हणजे एफटीएक्सनं स्वतःच काढलेलं टोकन, घरचंच नाणं. हे वाचून मला अंगावर काटा आला होता. आपल्याच भावाच्या दुकानाची कुपनं आपल्या तिजोरीत ठेवायची आणि तेच भांडवल म्हणून दाखवायचं, असा तो प्रकार. ६ तारखेला बायनान्स या दुसऱ्या मोठ्या एक्स्चेंजच्या प्रमुखानं जाहीर केलं की आम्ही आमच्याकडचं एफटीटी विकणार, आणि लोक पैसे काढायला धावले, तीन दिवसांत सुमारे ६०० कोटी डॉलरची मागणी आली, ८ तारखेला पैसे देणं थांबलं आणि ११ तारखेला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. नऊ दिवस फक्त, बातमीपासून कुलपापर्यंत. ग्राहकांचे सुमारे ८०० कोटी डॉलर जागेवर नव्हते.

गेले कुठं तर अलामेडाकडं. सुरुवातीच्या काळात एफटीएक्सचं स्वतःचं बँक खातं नव्हतं म्हणून ग्राहक जे डॉलर पाठवत ते अलामेडाच्या ताब्यातल्या खात्यांत जमा व्हायचे आणि तिथंच राहायचे. वर सॉफ्टवेअरमध्ये अलामेडाच्या खात्याला अशी सूट दिलेली होती की त्याचा आकडा शून्याच्या खाली गेला तरी चालेल. बाकी कुणालाही नाही, फक्त त्यांना. कोर्टात सॅमच्याच साथीदारांनी हे सांगितलं. त्या पैशातून ट्रेडिंगचे तोटे भरले, घरं घेतली, राजकीय देणग्या दिल्या.

कंपनी बुडाल्यावर जॉन रे नावाचे गृहस्थ कारभार बघायला आले, याआधी एन्रॉनचं, म्हणजे हिशोबाच्या घोटाळ्यानं बुडालेल्या अमेरिकी कंपनीचं, निस्तरायचं काम त्यांनीच केलं होतं. त्यांनी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढं सांगितलं की ही अब्जावधी डॉलरची कंपनी हिशोबाला क्विकबुक्स वापरत होती. क्विकबुक्स म्हणजे आपल्याकडं टॅली तसं. चाळीस लूमचा कारखाना त्याच्यावर चालतो, मी चालवते, पण माझ्याकडं प्रत्येक व्हाउचरला कागद आहे आणि त्या कागदावर सही आहे. त्यांच्याकडं खर्चाला मंजुरी चॅटवर इमोजी टाकून दिली जायची, हे रे यांनी कोर्टात लिहून दिलंय. मी हे कारखान्यात मालकांना वाचून दाखवलं तर त्यांना खरंच वाटेना.

२ नोव्हेंबर २०२३ ला ज्यूरीनं सॅमला दोषी ठरवलं, २८ मार्च २०२४ ला २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाजूचं म्हणणं काय होतं, तर लोकांना पैसे परत मिळणारच आहेत, नुकसान कुठं झालं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. मला त्या दिवशी लै बरं वाटलं, आमच्या पैशाचा त्याच्याशी काही संबंध नसताना सुद्धा. कुणीतरी मोठ्या खुर्चीवरून म्हणलं की भरून दिलं म्हणून उचलणं माफ होत नाही.

पण एफटीएक्सच्या लोकांना 'पूर्ण पैसे मिळाले' असं जे म्हणतात त्यात एक मेख आहे आणि ती सगळ्यांना माहीत पाहिजे. दिवाळखोरीत तुमचा दावा कधीच्या भावानं धरायचा तर ज्या दिवशी अर्ज झाला त्या दिवशीच्या. ११ नोव्हेंबर २०२२ ला बिटकॉइन धरला १६,८७१ डॉलरला. मग पैसे वाटायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये, छोट्या दाव्यांना व्याजासकट सुमारे ११९ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण तेव्हा बिटकॉइन ९५ हजार डॉलरच्या आसपास होता. ज्याचं एक नाणं ठेवलेलं होतं त्याला एका नाण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढे डॉलर हातात आले, तुम्हीच गुणून बघा, मी ०.२१ पर्यंत पोचले. म्हणजे तुम्ही २०२२ मध्ये शंभर बॅगा सूत ठेवायला दिलं, सुताचा भाव साडेपाच पट झाला, आणि तुम्हाला जुन्या भावानं पैसे देऊन सांगितलं की हिशोब चुकता.

जपानच्या माउंट गॉक्सचं पण हेच झालं असतं. टोकियोतलं एक्स्चेंज, एके काळी जगातले बहुतेक बिटकॉइनचे व्यवहार तिथंच व्हायचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेलं, साडेआठ लाख नाणी गेली म्हणून सांगितलं, त्यातली साडेसात लाख ग्राहकांची. पुढं एका जुन्या वॉलेटमध्ये २ लाख सापडली. सापडली! मला हा शब्द पचत नाही, गोदामाच्या मागच्या खोलीत कुणी बघितलंच नव्हतं का. पहिल्यांदा तिथंही दावे २०१४ च्या भावानं, नाण्याला पाचशे डॉलरच्या आत, धरले होते. लोक भांडले, वर्षानुवर्षं भांडले, आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीतून काढून पुनर्वसनाच्या कायद्याखाली नेलं तेव्हा नाण्याच्या बदल्यात नाणं मिळायची वाट खुली झाली. वाटप सुरू झालं जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षं. सगळी नाणी नाही मिळाली, पण नुसते जुन्या भावाचे पैसे नाही, नाणी पण मिळाली. भांडल्यामुळं मिळाली हे मी अक्काला दर वेळी सांगते.

कॅनडाच्या क्वाड्रिगाचं एका ओळीत सांगते कारण त्याचा धागा आपल्याकडं येतो. त्याचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला आला असताना वारला, चाव्या फक्त त्याच्याकडं होत्या असं सांगण्यात आलं, ७६ हजारांवर लोकांचे पैसे अडकले. नंतर वॉलेट तपासली तर जवळजवळ रिकामी. चाव्या हरवणं हे नंतरचं, आत माल आधीच नव्हता, ओंटारियोच्या सिक्युरिटीज कमिशननं २०२० मध्ये तो सरळ सरळ घोटाळा होता असा अहवाल दिला. लोकांना शेवटी डॉलरमागे १३ सेंट मिळाले.

आता सुताच्या त्या चलनाकडं परत येते. आम्ही अडकलो त्याच महिन्यात, जानेवारी २०२३ मध्येच, अमेरिकेत सेल्सिअस नावाच्या कंपनीचा निकाल आला होता. ते एक्स्चेंज नव्हतं, लोकांची नाणी घेऊन त्यावर व्याज द्यायचं. कोर्टानं विचारलं की व्याजाच्या खात्यात ठेवलेली नाणी कुणाची, आणि उत्तर दिलं, कंपनीची. सहा लाख खाती, ४२० कोटी डॉलरच्या वर. कारण काय तर अटींमध्ये तसं लिहिलेलं होतं आणि सगळ्यांनी 'मान्य' दाबलेलं होतं. म्हणजे लोकांना वाटत होतं चलनावर जॉब वर्क लिहिलंय आणि प्रत्यक्षात ते विक्रीचं बिल होतं. मालकी तिथंच गेली, मग तुम्ही मालक राहत नाही, देणेकरी कंपनीच्या दारातल्या रांगेत उभे राहणारे एक होता, आणि रांगेत पुढं तारण असलेले असतात, वकिलांच्या फिया असतात.

हे वाचल्यावर मी आणि भाच्यानं आमच्या एक्स्चेंजच्या अटी काढल्या. चौतीस पानं. बावीस नंबरच्या पानावर एक वाक्य होतं की कंपनी ग्राहकांची मालमत्ता 'एकत्रित स्वरूपात' ठेवू शकते आणि 'कामकाजाच्या गरजेनुसार' वापरू शकते. भाचा इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो, हुशार आहे, त्यानं ते वाक्य तीनदा वाचलं आणि गप झाला. मग म्हणाला, मावशी हे मी तुझ्याकडून वाचून घ्यायला पाहिजे होतं. मी त्याला काही बोलले नाही. माझ्याच डोळ्यासमोर एक गोष्ट आली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याला गाडीच्या कर्जासाठी कागद हवे होते म्हणून मी त्याचा २६ एएस, म्हणजे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, काढला होता. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस कापतात. एक्स्चेंज कापतं आणि सरकारला भरतं. भाच्यानं ऑगस्टमध्ये थोडी विक्री केली होती, अ‍ॅपवर टीडीएस कापलेला स्पष्ट दिसत होता. तो सप्टेंबरच्या तिमाहीचा, म्हणजे ऑक्टोबरअखेर रिटर्न भरून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत २६ एएसमध्ये दिसायला पाहिजे. दिसत नव्हता. मी त्याला म्हणलं, अरे तुझा कापलेला टीडीएस भरलेला दिसत नाही. तो म्हणाला भरतील गं उशिरा. आणि मी सोडून दिलं, कारण आकडा छोटा होता, चारशे काही रुपये.

जी कंपनी लोकांकडून कापलेले चारशे रुपये सरकारला भरत नाही तिच्याकडं रोकड नाही. एकोणीस वर्षांच्या अनुभवात मी हे दहा पार्ट्यांच्या बाबतीत ओळखलेलं आहे. पीएफ थकला, टीडीएस थकला, की तिसऱ्या महिन्यात चेक परत येतो. त्या दिवशी मी आवाज केला असता तर विथड्रॉवल चालू होते. तीन दिवस लागत होते, पूर्वी दोन तासांत यायचे, हे पण तेव्हा भाच्यानं मला सांगितलं होतं आणि आम्ही दोघांनी सर्व्हर स्लो आहे म्हणलं. ही गोष्ट मला लागून राहिलीय. अक्काचे तरी निघाले असते.

लोक विचारतात की आता एक्स्चेंज प्रूफ ऑफ रिझर्व्ह का काय ते दाखवतात, मग आता भीती नाही ना. एफटीएक्सनंतर हे जोरात वाढलं, आमच्या पण एक्स्चेंजनं डिसेंबरात वेबसाइटवर हिरवी टिकमार्क लावून असं काहीतरी टाकलं होतं. याचं उत्तर मी परत गोदामातूनच देते. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, असली की दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि कधीतरी बँकेचा माणूस येऊन बॅगा मोजतो. ज्या कारखानदाराची नियत फिरलेली असते तो त्या दिवसापुरत्या शेजारच्या शेडमधून बॅगा आणून लावतो, संध्याकाळी परत. मोजणारा खरं मोजतो, आकडा खरा निघतो, आणि तरी गोदाम रिकामंच असतं. आणि समजा बॅगा खरंच आहेत, तरी त्या कुणाच्या आहेत, त्याच्यावर कर्ज किती आहे, देणं किती पार्ट्यांचं आहे, हे बॅगा मोजून कळतच नाही, त्याला खातेवही लागते. एका तारखेला वॉलेटमध्ये किती नाणी होती हे दाखवलं म्हणजे अर्धा ताळेबंद दाखवला. देण्याची बाजू ज्यात नाही तो ताळेबंद मी हातात पण धरत नाही.

बँकेत ठेव असली तर डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेवींच्या विम्याचं, ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाख होतं. एक्स्चेंजला असलं काही नाही. पतसंस्थेला पण नाही, हे सोलापुरात कुणाला सांगायची गरज नाही, घराघरात एखादं तरी जुनं पासबुक आहे. आमच्या आईचं आहे. आयुष्यभर विड्या वळून तिनं एका पतसंस्थेत २२ हजार ठेवले होते, त्यातले किती परत आले तर चार. ते पासबुक अक्काच्या ट्रंकेत आईच्या इरकलीखाली अजून आहे. शेवटची शिल्लक निळ्या शाईत, संस्थेचा शिक्का, सगळं व्यवस्थित.

पैसे अडकल्यावर जे येतात ते आणखी वाईट. एक्स्चेंजच्या ग्राहकांचा टेलिग्रामवर ग्रुप झाला होता, त्यात रिकव्हरी करून देतो म्हणणारे घुसले. अक्काला एकाचा फोन आला, बोलायला इतका नम्र, ताई ताई करत होता, तिची नेमकी रक्कम त्याला माहीत होती. म्हणाला तुमचे पैसे परदेशातल्या एका वॉलेटमध्ये सापडलेत, सोडवायला दहा टक्के आधी भरा, १४ हजार. अक्का बाळीवेशीतल्या बँकेत रांगेत उभी होती, सहज मला फोन केला की तुझ्याकडं चार हजार आहेत का, दहा आहेत माझ्याकडं. मी कारखान्यातून रिक्षा करून गेले. ती काउंटरपासून तिसऱ्या नंबरला होती. हातात फॉर्म, आणि पदराच्या गाठीत नोटा. मी तिला बाहेर आणलं तर रस्त्यावर रडली, म्हणाली मला माहीत होतं गं खोटं असंल, पण तो म्हणाला सापडलेत. तुमच्यापैकी कुणाला असा फोन आला तर एवढंच लक्षात ठेवा, पैसे सोडवायला आधी पैसे मागतो तो चोर. लगेच १९३० ला फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका.

आमची तक्रार द्यायला गेलो तेव्हा पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पहिल्या दिवशी गाडी एकाच ठिकाणी अडकत होती. साहेब विचारत होते की तुम्ही स्वतः गुंतवणूक केली, भाव पडला, मग गुन्हा कुठला. मग मी स्टॉक रजिस्टरचं पान उघडून दाखवलं, कारखान्याचं, सोबत नेलं होतं. म्हणलं साहेब, हे सूत दुसऱ्याचं आहे, आमच्या गोदामात आहे, मी विकलं तर काय लावाल. ते म्हणाले विश्वासघात. म्हणलं तेच लिहा. त्या दिवशी तक्रारीची भाषा बदलली. 'गुंतवणुकीत नुकसान' हे खोडून 'ठेवण्यास दिलेली मालमत्ता परत न देणे' असं झालं.

ज्यांचे कुठल्याही एक्स्चेंजमध्ये अडकलेत त्यांना कामाचं सांगते. अ‍ॅप चालू आहे तोवर सगळी स्टेटमेंट डाउनलोड करा, फक्त शिल्लक नको, पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक व्यवहार. बँकेचं स्टेटमेंट काढून ज्या ज्या दिवशी पैसे पाठवले त्या ओळीवर मार्करनं रेघ मारा, यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर, लिहून ठेवा. २६ एएस काढा, त्यात टीडीएस दिसत असला तर तुमचा व्यवहार झाल्याचा सरकारी कागद तयार झाला, आणि दिसत नसला तर ती वेगळी तक्रार होते. केवायसीचा ईमेल शोधा. ज्या दिवशी खातं उघडलं त्या दिवशीच्या अटी मिळतात का बघा, कारण नंतर बदललेल्या असतात, आमच्या दोनदा बदलल्या होत्या. आणि दावा मागताना रुपयांचा आकडा लिहायच्या आधी नाण्यांचा आकडा लिहा, एवढी एवढी नाणी परत द्या, असं. तो मान्य होईल न होईल, पण मागायला तर पाहिजे.

भाच्यानं जे थोडं नंतर घेतलंय ते स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलंय, त्याची किल्ली म्हणजे चोवीस शब्द, ते कागदावर लिहून. तो कागद त्यानं माझ्याकडं कपाटात ठेवायला दिला होता, मी परत केला. बँकेत लॉकर घे म्हणलं. दुसऱ्याची किल्ली आपल्याकडं नको.

मागच्या रविवारी अक्काकडं गेले होते. तिनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून ठेवली होती भाच्याला पाठवायला. मोबाईल पुढं केला, म्हणाली हे बघ. ते अ‍ॅप अजून उघडतं. पैसे निघत नाहीत पण भाव चालू आहे, आणि बाजार वर गेल्यामुळं तिच्या नावापुढचा आकडा आता ४ लाखांच्या वर दाखवतोय. ती ते दर दोन दिवसांनी उघडून बघते. मी तिला सांगितलं की दावा धरला तर २०२३ च्या जानेवारीच्या भावानं धरायची शक्यता आहे, तेव्हा ते सत्तर हजार सुद्धा भरत नव्हते. तिला ते पटत नव्हतं, बोट स्क्रीनवर ठेवून म्हणाली, पण इथं माझं नाव आहे की.

मी स्क्रीनशॉट घेतला, तारीख-वेळ दिसेल असा, आणि सोमवारी कारखान्यात प्रिंट काढून फाइलला लावला. नाण्यांचा आकडा ज्या ओळीत आहे तिथं मार्कर मारलाय. पुढची तारीख १९ ला आहे, अक्का म्हणाली मी पण येते.